विकतच्या प्लेअरमधला सासरा

सुनेने सुचवलेला प्लेअर मी घेतला नाही, कारण तो सुनेने सुचवला होता. तेव्हा मी याहून भारदस्त कारणं देत असे. आता वयाने माझी लाज बरीच झिजवली आहे, म्हणून खरं काय ते सांगून टाकते.

मी साठीची होते. म्हणजे आजच्या मानाने पोरच, आणि अक्कलही तेवढीच. पनवेलला कॉम्प्युटरचा कोर्स करून सर्टिफिकेट आणलं होतं, ते रोडपालीच्या आमच्या फ्लॅटमध्ये देवघराशेजारी फ्रेम करून टांगलं होतं. देवाला कधी उदबत्ती राहून जायची, पण सर्टिफिकेटवरून रोज फडकं फिरायचं.

आमच्या यजमानांचे डोळे साखरेने खाल्ले होते. एक गेलेलाच, दुसऱ्यात रक्त उतरत होतं. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, "काका, जे बघायचं असेल ते आता बघून घ्या." यजमानांना एकच गोष्ट बघायची होती. बापाचं तोंड.

जासईकडे त्यांचं मिठागर होतं. आता तिथे कंटेनर एकावर एक रचून ठेवलेले असतात. यजमान लहान असताना कुणा सिनेमावाल्यांनी त्या मिठागरात गाणं घेतलं होतं. पुढे नटी नाचते आणि मागे बांधावरून माणसं डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन जातात. त्या रांगेत माझे सासरे. माझ्या लग्नाआधीच ते गेले, आणि घरात त्यांचा फोटो एकही नाही. टीव्हीवर तो सिनेमा लागायचा तेव्हा मागची रांग म्हणजे नुसत्या मुंग्या. मग कोणीतरी तो सिनेमा साफसूफ करून ब्लू-रे डिस्कवर आणला. मुलाने दुबईहून येताना ती डिस्क आणि कॉम्प्युटरला जोडायचा ड्राइव्ह, दोन्ही आणलं.

सून म्हणाली, "आई, या डिस्कला कुलूप असतं. फुकटच्या प्लेअरने उघडत नाही. विकतचा आहे एक, आत्ता कॉम्प्युटरवर टाकून देते."

"तुला विकतचंच सुचणार," मी म्हटलं. "पोळ्यासुद्धा विकतच्या लागतात तुला."

यजमान म्हणाले, "अगो, टाकू दे ना तिला. आजच बगून होईल."

"बगून नाही, बघून," मी म्हटलं. मी मास्तरांची मुलगी. लग्न झाल्यापासून त्या माणसाची भाषा दुरुस्त करत आले होते. डोळ्यांचं चाललं होतं ते चाललं होतं, पण माझा शुद्धलेखनाचा तास चुकला नाही.

मग सुरू झाली माझी निवड. पहिला प्लेअर फुकट होता आणि दिसायला देखणा. डिस्क घातली तर काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ. मी ठरवलं की डिस्कच मळलेली आहे, आणि सर्टिफिकेटच्या फडक्याने ती पुसली. दुसऱ्याने सिनेमा उघडला, पण नटी एकदा हात वर करी तो भाजी चिरून होईपर्यंत खाली आणत नसे. तिसरा मात्र छान चालला, सुरुवातीची नावं संपेपर्यंत. मग चित्रावर आडवी पट्टी आली: पुढे बघायचं तर विकत घ्या. गाणं तर मध्यंतरानंतरचं. तिथेच विकत घेता आला असता. पण मग सून बरोबर ठरली असती, आणि तसं काही माझ्या घरात अजून घडलं नव्हतं.

यजमान रोज आंघोळ करून, चष्मा पुसून शेजारच्या खुर्चीत येऊन बसत. "लागला का गो?"

"लागेल. घाई कसली आहे?"

घाई कसली, असं मी त्या माणसाला विचारलं.

चौथा मी अशा ठिकाणाहून उतरवला जिथे एकाच पानावर डाउनलोडची बरीच हिरवी बटणं होती. त्यातलं सर्वांत मोठं दाबलं. त्यानंतर कॉम्प्युटर रमीच्या जाहिराती दाखवू लागला आणि मग काहीच दाखवेना. तो दुकानात गेला, दुकानदाराने सावकाश घेतलं. सून म्हणाली, माझ्या लॅपटॉपवर लावू. "नको," मी म्हटलं, "ऑफिसचा आहे. बिघडला तर मला बोलशील." त्याच दिवसांत एका सकाळी यजमानांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, म्हणजे टेबल जिथे संपतं त्याच्या पलीकडे. कप फुटला. मी कपावरून त्यांना बोलले. सेटमधला होता.

कॉम्प्युटर परत आला तेव्हा सुनेने मला न विचारता तो विकतचा प्लेअर टाकला. चहाला आधण येईतो सिनेमा सुरू झाला. काय चित्र होतं म्हणून सांगू. माणसांच्या खांद्यांवर सांडलेलं मीठ दाणा न् दाणा दिसत होतं. गाणं लागताच यजमान ताठ बसले. डोळे पडद्याकडे नव्हते, जरा खिडकीकडे होते.

"हेच. आता मागं बग. थांबव."

मी थांबवलं. बांधावर रांग. तोंडं लख्ख. "कसे होते ते?" मी विचारलं.

"काला होता. बारीक होता."

सगळेच काळे, सगळेच बारीक. मिठागरात दुसऱ्या प्रकारचा माणूस टिकत नाही. ज्याला ओळखता आलं असतं त्याला दिसत नव्हतं, आणि जिला दिसत होतं तिने सासऱ्याला जन्मात पाहिलं नव्हतं. सून मागे उभी होती. ती काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघितली, निदान भांडता तरी आलं असतं.

"हे बघा, हेच," मी एकावर बोट ठेवून म्हटलं. "नाक अगदी तुमच्यासारखं." त्या माणसाचं नाक नीट दिसतही नव्हतं, समोरच्याच्या पाटीआड गेलं होतं.

त्यांनी हात पुढे केला. मी तो धरून त्या तोंडावर ठेवला. बराच वेळ ते कोमट काच चाचपत राहिले. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "तू काय घातलंयस?"

"गाऊन. घरात दुसरं काय घालू?"

"मंग त्याच्यावर ओढणी तरी घे डोईवरून. सासरा हाय तुजा, पयल्यांदा आलाय घरी."