गणपतच्या कातडीची केस

वकिलाच्या ऑफिसात दोन गोष्टी साठतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान झटकता येते! मी आप्पा वकिलांकडे नऊ वर्षं टायपिस्ट होते, ठाण्यात, जांभळी नाक्याजवळ. लग्नाआधीची नोकरी. डोंबिवलीची मुलगी वकिलाकडे टाईप करायला जाते म्हणून आमच्या चाळीत तेव्हा बरीच चर्चा झालेली. आता तुम्ही मैत्रिणी म्हणता, एखादा किस्सा सांग. एक कसा सांगू? गणपतच्या एकट्या केसचेच सहा-सात आहेत. तेच ऐका.

* * *

पहिल्या दिवशी गणपत आलाच नाही, त्याची बायको आली. हिरा. नऊवारी लुगडं, नाकात नथ, आणि चेहऱ्यावर असा भाव की आम्हीच तिच्याकडे काहीतरी मागायला आलोय.

आप्पांनी विचारलं, "नवरा कुठे आहे?"

"घरान हाय. उलटा."

"उलटा म्हणजे?"

"पोटावर. दोन महिनं झाले, पाठीवर झोपला नाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माणसं माजिवड्याची. गणपतच्या बापाचा जन्म मिठागरात गेलेला. खाऱ्या पाण्यानं बापाच्या पायांना भेगा पडलेल्या बघून गणपतनं ठरवलं, आपण सावलीतलं काम करायचं. म्हणून तो रंगाच्या कारखान्यात लागला. तिथे उकळत्या रंगाचं मोठं पातेलं साखळीनं उचलत होते. साखळीचा हूक निसटला, पातेलं कललं आणि गणपतच्या डाव्या हातावर, खांद्यावर, पाठीवर रंग सांडला.

हिरवा रंग!

सरकारी दवाखान्यात नेला तेव्हा डॉक्टरांना भाजलेलं कुठे संपतं आणि रंगलेलं कुठे सुरू होतं तेच कळेना. आठ दिवस नुसतं धुणं चाललेलं. हिरा पहिल्यांदा भेटायला गेली तर नर्सनं विचारलं, "कुठला पेशंट?" हिरा म्हणाली, "पोपट."

हे सांगताना ती हसली आणि पुढच्याच क्षणी पदर तोंडात कोंबून अशी रडली की मी टाईप करायची थांबले. आप्पा मला म्हणाले, "लीला, पाणी आण. आणि नवीन फाईल काढ."

* * *

गणपत उठून बसायला लागल्यावर आप्पांनी त्याला ऑफिसात बोलावलं आणि कायद्याचं पुस्तक उघडलं. कामगाराला इजा झाली की भरपाई किती, त्याची त्यात यादी असते. अंगठा गेला तर इतकी, तर्जनी गेली तर इतकी, डोळा गेला तर इतकी. आप्पांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

"गणपत, यादीत कातडी नाही रे."

"म्हंजे?"

"म्हणजे बोट तुटलं असतं तर सोपं होतं. भाजलेल्याचं डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं लागेल आणि कंपनी भांडेल."

गणपतनं बराच वेळ आपल्या हाताकडे बघितलं. पाचही बोटं जागेवर होती, पण कातडी आखडल्यामुळे अर्धवट मिटलेली.

"साहेब," तो म्हणाला, "कंचा बोट महाग हाय त्यात?"

"का रे?"

"नाय, येक तोरून देतो. तसाही कामाचा नाय."

मला हसू फुटलं. मग लक्षात आलं की तो थट्टा करत नव्हता. आप्पांनी पुस्तक मिटलं, कोट चढवला आणि भर उन्हात डॉक्टरांकडे चालत गेले. आप्पा चालत कुठे गेलेले मी त्याआधी बघितलेलं नव्हतं. कोपऱ्यावर पान खायलासुद्धा टांगा करणारा माणूस!

* * *

कंपनीनं मुंबईहून वकील आणला. पांढरीशुभ्र कॉलर, चकचकीत बूट, आणि बोलण्यात पदोपदी "विथ ग्रेट रिस्पेक्ट". आप्पा त्यांना खासगीत रिस्पेक्टराव म्हणायचे.

रिस्पेक्टरावांचा पहिला मुद्दा असा, की गणपत त्या दिवशी दारू प्यायलेला होता. पिऊन काम करताना इजा झाली तर भरपाई नाही, असं कायदाच म्हणतो. साक्षीला कारखान्याचा मुकादम आणलेला. राज्यात तेव्हा दारूबंदी होती, हे ध्यानात ठेवा.

मुकादम म्हणाला, "गणपतच्या तोंडाला दारूचा वास येत होता."

आप्पा उठले. "गणपत कामावर किती वाजता आला?"

"सकाळी सातला."

"अपघात?"

"जेवायच्या सुट्टीआधी. बाराच्या सुमारास."

"सकाळी आला तेव्हा वास होता?"

मुकादम जरा विचारात पडला. वास होता म्हणावं, तर प्यायलेल्या माणसाला कामावर घेतला कशाला? "नाही. सकाळी अगदी नीट होता."

"गेटवर झडती होते?"

"कडक होते!" मुकादमाची छाती फुगली. "काडेपेटीसुद्धा आत जात नाही."

"मधल्या वेळात गणपत बाहेर गेला?"

"कोणी जाऊच शकत नाही."

आप्पा जज्जसाहेबांकडे वळले. भरपाईच्या केसेस तेच ऐकायचे. "साहेब, एवढं लिहून घ्यावं. माणूस शुद्धीत आत गेला, बाहेर गेला नाही, बाहेरून काही आत आलं नाही, आणि बारा वाजता प्यायलेला होता. म्हणजे दारू कारखान्यातच मिळते. दारूबंदीच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहायला माझी टायपिस्ट इथे बसलेलीच आहे."

रिस्पेक्टराव खुर्चीतून असे उठले, जणू कोणी चटका दिला. "विथ ग्रेट रिस्पेक्ट, आम्ही दारूचा मुद्दा मागे घेतो!"

मुकादम पिंजऱ्यातून म्हणाला, "मग माझं काम झालं का साहेब?"

बाहेर व्हरांड्यात आप्पा खुशीत होते. हिरा त्यांच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, तो पितच नाय असा मी कवाच बोलले नाय. त्या दिसाला पिला नव्हता, येवढाच खरा."

आप्पा ओरडले, "बाई, हे आता आठवलं? आणि कोर्टाच्या दारात?"

* * *

पुढच्या तारखेला कंपनीनं एक कागद काढला. "मला कंपनीविरुद्ध काही तक्रार नाही, मला सर्व मिळाले" असा मजकूर आणि खाली अंगठा. तारीख गणपत दवाखान्यात होता तेव्हाची. गणपत म्हणाला, "मी नाय दिला." पण अंगठा होता ना!

कंपनीचे मुनीम पिंजऱ्यात आले. काळी टोपी, कपाळाला गंध, हातात जपमाळ तेवढी नव्हती.

"ठसा कोणत्या अंगठ्याचा?" आप्पांनी विचारलं.

"डाव्या. नियमाप्रमाणे."

"तुमच्या समोर दिला?"

"मी स्वतः शाई लावली."

आप्पांनी दवाखान्याचा कागद पुढे केला. त्या तारखेला डावा हात खांद्यापासून नखांपर्यंत बँडेजमध्ये. "मुनीमजी, शाई अंगठ्याला लावलीत की बँडेजला?"

मुनीम हुशार. म्हणाले, "थोडं सोडलं होतं. एवढ्यापुरतं."

"उत्तम!" आप्पा म्हणाले आणि त्यांनी शाईचा पॅड मागवला. गणपतला बोलावून सगळ्यांसमोर त्याचा डावा अंगठा कोऱ्या कागदावर उठवला. कागदावर नुसता काळा गोळा उमटला, बिब्ब्यासारखा. एक रेघ नाही! अंगठ्याची कातडी जळून गुळगुळीत झालेली. आणि कंपनीच्या कागदावरच्या ठशात रेघाच रेघा, रांगोळी काढल्यासारख्या.

जज्जसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. चष्मा पुसला. परत बघितले. मग शांतपणे म्हणाले, "मुनीमजी, तुमचा अंगठा जरा दाखवता?"

मुनीमजींनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले!

* * *

एकदा मात्र आमचीच पाचावर धारण बसलेली. कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलं, की खांदा ठीक आहे, माणूस नाटक करतो. रिस्पेक्टराव गणपतच्या उलटतपासणीला उठले आणि आवाजात साखर घालून म्हणाले, "गणपतराव, हात किती वर जातो, दाखवा बरं."

गणपतनं डावा हात उचलला. छातीपर्यंत आला. काखेतली कातडी ताणली गेली, तो थांबला. कपाळावर घाम.

"अरेरे! आणि अपघाताच्या आधी किती वर जायचा?"

हा डाव सगळ्या वकिलांना माहीत असतो. भोळा माणूस सवयीनं हात सरळ डोक्यावर नेतो, आणि केस संपते. आप्पांनी गणपतला सगळं शिकवलेलं, हेच राहून गेलेलं.

गणपतनं क्षणभर वकिलांकडे बघितलं आणि उजवा हात ताठ वर केला.

"येवढा. दोनी सारखेच व्हते."

कोर्टात हशा पिकला. शिपाईसुद्धा हसला. बाहेर आल्यावर आप्पांनी त्याची पाठच थोपटली असती, पण पाठीला हात लावायची सोय नव्हती. "अरे, तुला सुचलं कसं?"

गणपत गोंधळला. "सुचायचा काय साहेब? डावा वरतीच जात नाय, मंग त्याच्यानं दाखवू कसा?"

* * *

शेवटी जज्जसाहेब म्हणाले, आम्ही स्वतः पाठ बघणार. गणपत सदऱ्याच्या गुंड्यांशी थबकला आणि माझ्याकडे बघू लागला. परक्या बाईमाणसासमोर सदरा काढायचा कसा? कोर्टात मी आणि हिरा एवढ्या दोघीच बायका. मी उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, वर्गात शिक्षा झाल्यासारखी. त्यामुळे मी ती पाठ कधीच पाहिली नाही. नुसतं ऐकलं.

आधी सदऱ्याचा आवाज. मग कोणाचा खोकलासुद्धा नाही. एरवी खोकल्याशिवाय कोर्ट नसतं.

मग जज्जसाहेब, नेहमीपेक्षा हळू: "अजून दुखतं का?"

"नाय साहेब. दुखत नाय." थोडं थांबून, "दुखला असता तं बरा झाला असता. घरची हात फिरवते पाठीवर, मना कलतच नाय."

रिस्पेक्टरावांचे बूट करकरले. "उलटतपासणी नाही," ते म्हणाले. त्या दिवशी "विथ ग्रेट रिस्पेक्ट" म्हणायचं ते विसरले. मी अजून भिंतीकडेच तोंड करून होते आणि मला तेच सोयीचं होतं.

निकाल गणपतच्या बाजूनं लागला. भरपाई मिळाली, बऱ्यापैकी मिळाली. त्यातून त्यानं मानपाड्याच्या मेहुण्याच्या ओळखीनं दोन म्हशी घेतल्या. दूध हिरा काढायची, घरोघर घालायला गणपत जायचा. आप्पांनी विचारलं, "कसं चाललंय?"

हिरा म्हणाली, "म्हशीला दोन हात लागतात, गिऱ्हाइकाला येक पुरतो!"

* * *

आता शेवटचं. निकालानंतरचा दुसरा-तिसरा रविवार. तातडीचं टायपिंग होतं म्हणून मी ऑफिसात आलेले. बघते तर जिन्यावर माणसंच माणसं. आप्पांना वाटलं, आभार मानायला आलेत. त्यांनी कपाटातली ठेवणीतली टोपीसुद्धा घातली. पहिला माणूस आत आला, नमस्कार केला आणि सदऱ्याची बाही वर केली. कोपरापर्यंत जुना डाग. दुसऱ्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला. तिसऱ्याची मान. सगळे वेगवेगळ्या कारखान्यांतले, सगळे गणपतचं नाव ऐकून आलेले.

आप्पांनी टोपी काढून ठेवली. "लीला, घाल कागद. नाव, गाव, काम, कधी भाजलं, कसं भाजलं, मालकाचं नाव. याच क्रमानं घे."

दुपारपर्यंत माझी बोटं दुखायला लागली. रांग संपली तेव्हा शेवटी हिरा आत आली, एका बाईला दंडाला धरून. बाई पस्तिशीची असेल. डाव्या गालापासून गळ्याखाली, पदराच्या आत जाणारी भाजल्याची खूण.

"हिचा पन लिवा साहेब. लाजते ती."

आप्पांनी खुर्ची दिली. बाई खाली जमिनीवर बसली. नाव, गाव झालं.

"कामात असताना भाजलं का?"

"हां. कामानच व्हते."

"कशानं?"

"उकलता पानी."

"चूक कोणाची?"

बाईनं हिराकडे बघितलं. हिरा म्हणाली, "सांग."

"मालकाची. त्यांनीच वतला."

आप्पा ताडकन उभे राहिले. "मालकानं स्वतः ओतलं? मुद्दाम?"

बाईनं मान डोलावली.

"लीला, हा कागद वेगळा ठेव! असल्या माणसाला मी सोडत नाही, कितीही मोठा असू दे. बाई, घाबरू नका. मालकाचं पूर्ण नाव सांगा."

बाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"अहो, सांगा ना. नावाशिवाय केस कशी होणार?"

"नाव कसा घेऊ साहेब?" ती जमिनीकडे बघत म्हणाली. "लगीन झाल्यापासून कवाच घेतला नाय."

माझी बोटं टाईपरायटरवर होती, कागदावर "मालकाचे नाव" एवढंच उमटलेलं.

हिरा माझ्या टेबलापाशी आली आणि कागदावर बोट ठेवून म्हणाली, "मी घेते. लिव गो बाय."