साहेबांचा भाव

नोकरीत मोठे गुन्हे बरेच हाताळले. त्यांतले कित्येक आता कागद समोर ठेवल्याशिवाय आठवायचे नाहीत. मेढ्याचे हे प्रकरण मात्र शब्दन् शब्द आठवते. त्यात खून नव्हता की दरोडा नव्हता. होता तो एका खडकाळ माळाच्या खरेदीचा व्यवहार. दिवस आणीबाणीचे होते आणि खाकी दिसली की लोक आवाज खाली आणत. मी मेढ्याला फौजदार होतो.

बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या गावांचे पोलीस पाटील ठाण्यात येऊन जात. कोण मेले, कोण भांडले, गावात नवा माणूस कोण आला, एवढे सांगायचे, चहा प्यायचा आणि बाजार करून परतायचे. एका बाजाराला वरच्या गावचे पाटील सगळे सांगून झाल्यावरही उठेनात. मग हसत म्हणाले, "साहेब, आमच्या गावात जिमीन घेताय, ह्ये लय ब्येस केलंत बगा."

मी कुठेच जमीन घेत नव्हतो. पगारात महिना निभावत होता तेच खूप होते.

"कुणी सांगितलं तुम्हांला?"

पाटील गडबडले. "समद्या गावाला ठावं हाय की, साहेब. दलाल म्हनला, नाव सांगलीच्या शेठचं, पन जिमीन फौजदारसाहेबांची."

माझे डोके सणकले. तेव्हा मी भलताच तापट होतो. हवालदारांनी शहाणपणाने दार लोटून घेतले. चार शिव्या हासडून झाल्यावर मी पाटलांकडून नीट माहिती काढली.

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याला उन्हाळ्यात येऊन राहायला डोंगरावर जागा हवी होती. तासगावकडे त्याची वडिलार्जित शेती असल्यामुळे शेतजमीन घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. साताऱ्याच्या एका दलालाने त्याला चार एकरांचा माळ दाखवला. पावसाळ्यात तिथे नाचणी आणि एरवी नुसते गवत. पण कड्यावरून सगळे खोरे दिसे आणि ऐन मे महिन्यात वारा गार लागे. शेठ त्या वाऱ्यावर खूश होता.

माळाचा मालक पलटणीतून निवृत्त झालेला म्हातारा होता. त्याला खाली वेण्णा नदीच्या काठी दोन एकर बागायत घ्यायची होती. तिथली बोलणी झाली होती, माळाचे पैसे आले की व्यवहार पुरा व्हायचा. पण माळ एकरी साडेतीनशे रुपयांनी ठरला होता. त्या पैशांत खालची अर्धी जमीनही येत नव्हती. म्हणजे माळ हातचा जाणार आणि बागायतही मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला बोलावले. तो टेबलासमोर सावधान उभा राहिला, बसा म्हटले तरी बसेना.

"भाव कुणी केला?"

"दलालानं, साहेब. शेठ नि त्यो रुमालाखाली हात घालून बसलं. मी बांदावर बसून बगत हुतो. मग दलालानं कानात सांगितलं, साडेतीनशे."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"साहेबांना पायजे म्हनल्यावर म्या काय बोलनार?"

रुमाल म्हटल्यावर मला सगळे चित्र दिसले. पूर्वी मी सांगली शहरात नोकरी केली होती. हळदीच्या बाजारात व्यापारी हातावर रुमाल टाकून एकमेकांची बोटे दाबतात आणि भाव ठरवतात. तोंडातून आकडा निघत नाही, शेजारच्याला पत्ता लागत नाही, पण बोटांनी दिलेला भाव कोणी मोडत नाही. डोंगरातल्या माणसाला ही रीत ठाऊक नव्हती, आणि शेठला त्याशिवाय सौदा झाल्यासारखे वाटत नव्हते. दोघे एकाच माळावर बसले होते, पण भावाबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते.

दलालाला साताऱ्याहून आणला. परीटघडीचे कपडे, तोंडात पान. त्याने इसारपावती माझ्यापुढे सरकवली. "दोघांच्या सह्या हायत, साहेब. एकरी साडेतीनशे. आन् तुमचं नाव म्या कशाला घीन? खेड्यातली मानसं, काय बी बोलत्यात."

सांगली पोलिसांमार्फत निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतःच्या मोटारीने आले. आता गाठ सुटेल अशी माझी खात्री होती. शेठनी पावती पाहिली आणि मान खाली घालून म्हणाले, "बरोबर आहे. साडेतीनशेच." पुन्हा विचारले, पुन्हा तेच. लेखनिकाने जबाब लिहून घेतला. बाहेर बाकावर दलाल निवांत पान चघळत होता. मी चांगलाच तोंडघशी पडलो होतो.

पण शेठना घाम फुटला होता, आणि खरे बोलणाऱ्या माणसाला साक्षीदार म्हणून एवढा घाम फुटत नाही. विचार करता लक्षात आले की हा गृहस्थ दलालाला नव्हे, स्टँपला घाबरतो आहे. स्टँप वाचवायला कागदावर रक्कम कमी लिहायची आणि उरलेले पैसे हातोहात द्यायचे, हे सर्रास चालायचे. पोलिसासमोर ते कोण कबूल करणार?

लेखनिकाला बाहेर पाठवले. खिशातला रुमाल काढून हातावर टाकला आणि हात टेबलावरून पुढे केला. "शेठ, तोंडानं काही सांगू नका. त्या दिवशी केलात तसा सौदा करा."

त्यांनी आधी दाराकडे पाहिले. पण जन्माची सवय होती, हात रुमालाखाली आलाच. आधी त्यांनी माझा पुरा पंजा धरला, पाच. मग चार बोटे दाबली. नऊ.

"शेकड्यात?"

त्यांनी मान हलवली. मग बोलले. "एकरी नऊशे ठरलेत, साहेब. वरचे साडेपाचशे दलालाकडे द्यायचे, तो म्हाताऱ्याला पोचवणार. निम्मे दिलेतसुद्धा."

दलालाला आत बोलावले. आमचे हात अजून रुमालाखाली होते. ते पाहून त्याने वरचे पैसे खिशात घातल्याचे कबूल केले. म्हातारा घासाघीस करील, शेठशी बोलेल, म्हणून त्याने माझे नाव पुढे केले होते. फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, पैसे जप्त केले. पुढे त्याला शिक्षाही झाली.

गुन्हा उघड झाल्यावर मी जरा फुशारलो होतो. म्हाताऱ्याला आणि शेठला समोरासमोर बसवले आणि म्हणालो, "खरेदीखत अजून झालेलं नाही. आता दलाल नाही, रुमाल नाही. बाबा, तुम्हीच भाव सांगा."

म्हाताऱ्याने माझ्या पट्ट्याकडे पाहिले. "साडेतीनशे, साहेब."

आणि नुकतीच नऊ बोटे दाबलेले शेठ आढ्याकडे बघत गप्प बसले. व्यापारीच तो!

मी ओरडलो, "अहो, नऊशेला घेत होते ते!"

"व्हय साहेब. तुमी म्हनाल तसं."

माझा पारा चढत चालला होता. तेवढ्यात म्हातारे हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, आपन जरा च्या पिऊन येऊ."

मला कळायला क्षण लागला. दोघांना खोलीत तसेच बसवून आम्ही बाहेर व्हरांड्यात जाऊन चहा मागवला. पहिला कप संपेपर्यंत आत शांतता होती. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, परेडच्या मैदानावरचा. "नाचनीचा भाव कशाला लावता, शेठ? तुमी वारा घ्याय आलाय. सांगलीत मिळतो व्हय असला वारा?" शेठही काही कमी नव्हते. तासभर ते कडाकडा भांडले आणि एकरी साडेनऊशेवर सौदा जमला, कागदावरही तेवढेच. म्हाताऱ्याने पुढच्या महिन्यात नदीकाठची जमीन घेतली.

त्या संध्याकाळी घरी जेवताना ताटात मध होता. डोंगरातली एक बाई दारावर आणून देत असे. काय भावाने घेतेस, असे मी बायकोला पहिल्यांदाच विचारले. दुसऱ्या दिवशी हवालदारांच्या घरी विचारले. ते दुप्पट देत होते. आजवर मला वाटे, लोकांचा माझ्यावर जीव आहे.

पुढच्या बाजारी ती बाई एस.टी. स्टँडवर बसलेली दिसली. उरलेले पैसे द्यायला मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ती धडपडत उठली आणि तिने हात जोडले.

"काय चुकलं का वं, साहेब? मध खराब निघालं का?"

पैसे तिच्या पाटीत ठेवून मी मागे फिरलो. मला लाज वाटली, आणि ती अजूनही वाटते.