पातळ तेल

लक्ष्मीबाई नगरातल्या भावाच्या क्वार्टरमध्ये काहीही कुरकुरलं की अविनाशकाका गाझियाबादहून हजर. कारखान्यात मशिनांची देखभाल करणारा माणूस, खिशात चिंधी आणि जिभेवर ठरलेलं वाक्य, "बिल्कुल चिंता नको. एक थेंब." दार कुईंऽऽ करायचं, काका थेंब सोडायचे, दार गप्प व्हायचं. काका मात्र नाही. त्यापुढे चहा गार होईस्तोवर बिजागरीचं शास्त्र.

पुतणी नीला मराठी मंडळाचं क्लॅरिनेट वाजवायची. संक्रांतीच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदाच एकटी वाजवणार, तेव्हा चाव्यांना तेल घालणं काकांकडे आपसूक आलं. वाद्यांच्या दुकानदारानं बजावलं होतं, "चाबियों वाला तेल लीजिए जी, सबसे पतला." पण तेलातलं दुकानदाराकडून शिकायचं म्हणजे काय?

"शिवणमशिनचं घाला की, भावजी," प्रभावहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तोंडात धरायचं वाद्य आहे हे. पोटात जाईल."

"मग सरसोंचं, मोहरीचं?" नीलानं विचारलं.

"सुरांना पकोड्यांचा वास हवाय तुझ्या?"

उरलं खोबरेल. वाटी हीटरपुढे ठेवली. तेल पाण्यासारखं पातळ झालं. काकांनी काडीनं एकेका चावीच्या सांध्यात थेंब सोडला. नीलानं तिथेच हीटरपाशी वाजवून पाहिलं. बोटं नुसती धावत होती.

"बघितलंस?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात धुकं शिरलेलं. मंडळाचे अण्णासाहेब माइकमध्ये दोनदा फुंकून म्हणाले, "अं... आता आपली... अं... कुमारी नीला."

पहिली ओळ नीट गेली. मग नीलानं बोट उचललं, पण चावी वर आलीच नाही. पुन्हा तेच. सूर बदकासारखा फाटला, पुढच्या रांगेतल्या पोरांनी लगेच क्वॅक क्वॅक केलं. नीला अर्ध्यातच नमस्कार करून उतरली.

टाळ्यांसाठी काकांचे हात आधीच वर होते. मागच्या रांगेत कुणी बाई शेजारणीला सांगत होती, "अगं, न्हायचं असेल तर बाटली आधी उन्हात ठेव. आमच्याकडे खोबरेलाचा दगड झालाय."

काकांचे हात मांडीवर आले.

मांडवामागे नीला बोटं चोळत होती. "माझीच बोटं गारठली. हे परत देऊन टाकते. अण्णासाहेब म्हणत होतेच, तुला हार्मोनियम बरी."

"हातमोजे घाल म्हटलं होतं," वहिनी म्हणाल्या.

"थंडीच आहे," काका म्हणाले. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं.

नीला क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून खोक्यात ठेवू लागली. झाकण लागणार, तेवढ्यात काकांनी हात घातला, चाव्यांचा तुकडा उचलला आणि स्वेटरच्या आत, काखेत दाबून धरला.

"काका, काय करताय?"

"तेल वितळवतोय."

वहिनींच्या ध्यानात आधी आलं. "म्हणजे भावजी, ते खोबरेल..."

"गोठलं. हिची बोटं ठीक आहेत. चुकलं ते माझं." आणि काका थांबले. शास्त्र नाही, काही नाही.

नीलानं थोड्या वेळानं तुकडा परत मागून घेतला, हुंगला. "तेल लावलेल्या अंबाड्याचा वास येतोय," म्हणाली, पण हसली नाही. चावी दाबून सोडली. आली वर, सुस्तपणे. परत दाबली. आली.

"दुकानदार काय म्हणाला होता?"

"सबसे पतला," काका खाली बघत म्हणाले.

"मग चला. आणि चाव्या कशानं चिकटल्या, ते त्याला तुम्ही सांगायचं."

"बिल्कुल," काका म्हणाले. पुढचं 'चिंता नको' काही आलं नाही.