उपासाचे वार

बायकांना स्वयंपाक शिकवायला गावोगाव फिरते म्हटलं की लोक तोंडावर हसतात. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवणारी, असं आमच्या तेरमधली एक शेजारीण मला म्हणते. मी वाद घालत नाही. फोडणी द्यायला मी शिकवत नाहीच. न्हाणीचं वाया जाणारं पाणी वळवून परसात माळवं कसं घ्यायचं, पालेभाजीवर लिंबू का पिळायचं, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर जिच्या ताटात नुसता रस्सा उरतो तिच्या रक्ताचं काय होतं, एवढंच माझं बोलणं. खरं तर बोलण्यापेक्षा मला विचारायला जास्त आवडतं. नसत्या चौकशांची खोड लहानपणापासूनची आहे, या कामात तिचं चीज झालं.

तामलवाडीच्या पुढं आत वळल्यावर एक गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं तर तिथं पुन्हा चहाला जायची सोय राहायची नाही. गेल्या साली मी तिथं दर आठवड्याला जात होते. वर्ग आळीपाळीनं एकेकीच्या अंगणात भरायचा. जिचं अंगण तिनं चूल पेटवायची, तिच्याच परसातलं माळवं शिजवायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून खायचं. खाल्ल्याशिवाय नावं कशी ठेवणार? आणि नावं ठेवण्यात त्या बायका पटाईत. "डाळीला पोहायला पाणी लई दिलंस की गं," असं एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी पदर तोंडाला लावायचा. सगळ्यांत पुढं आक्का. मोठ्या घरातल्या सासूबाई, जमीन भरपूर आणि आवाज त्याहून भरपूर. अख्खं गाव त्यांना आक्का म्हणतं, म्हणून मीही.

गावातली सगळ्यात हिरवी परसबाग मात्र पाण्याच्या टाकीजवळ होती. ही टाकी बौद्धवस्तीत आहे. तिचा व्हॉल्व्ह कायम गळतो, आणि तिला लागून असलेल्या घरातल्या सुनेनं त्या गळत्या पाण्याला चर काढून आपल्या परसात वाट करून दिली होती. तांदुळजा, मेथी, घेवडा, दोडका, पत्र्यावर चढलेला लाल भोपळ्याचा वेल. रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊन वर हे सगळं. बायका तिला 'टाकीजवळची' म्हणायच्या. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तिचे. "मॅडम, मटकीला मोड आले की तिच्यात नवीन काय येतं म्हणता? बाहेरनं तर नुसतं पाणीच गेलं!" मला तिथल्या तिथं मोबाइल काढून बघावं लागलं आणि ती माझ्या खांद्यावरून डोकावून वाचत होती. माझ्याच जातकुळीची चौकशी करणारी बाई मला पहिल्यांदा भेटली होती.

वर्ष संपलं की मी दुसऱ्या गावाला जाणार आणि वर्ग गावातलीच एक जण पुढं चालवणार, असा आमचा नियम. ती कोण, हे बायकांनी आपसात ठरवायचं. टाकीजवळचीनं आपली इच्छा लपवली नाही. "म्या चांगलं शिकवीन, मॅडम. खुरपं धरून हात रट्ट झालं. मला मास्तरीण व्हायचंय," असं ती मला सरळ म्हणाली. मला तर आनंदच झाला. तिच्याइतकी लायक दुसरी कोणी नव्हती.

तिच्या अंगणात पहिला वर्ग ठेवला तो मंगळवारी. सगळ्या आल्या, वाफ्यात हात घातला, तांदुळजा खुडला, चुलीभोवती बसल्या. भाजी उतरली तसा आक्कांनी पदर सावरला. "आज मंगळवार. आईचा उपास." बाकीच्यांनीही माना हलवल्या. तुळजापूर तिथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा भवानीचा मंगळवार मोडा असं मी म्हणणं शक्यच नव्हतं. चूक माझीच, वार बघून ठरवायला हवं होतं. मी आणि ती, दोघींनी मिळून ती भाजी संपवली. फार चांगली झाली होती.

तिची पुढची पाळी मी गुरुवारी ठेवली. गुरुवार दत्ताचा निघाला. मग विचारपूर्वक बुधवार निवडला, तर बुधवार पांडुरंगाचा! मला राग यायच्या आधी नवलच वाटलं. आमच्याकडंही उपास करतात, पण इतके? "मग तुमचा मोकळा वार कोणता हो आक्का?" असं मी विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "देवाला मोकळा वार असतोय व्हय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. गाव फार देवभोळं आहे, असं मी घरी येऊन आईला कौतुकानं सांगितलं.

मग एका मंगळवारी आक्कांच्याच शेजारच्या अंगणात वर्ग होता आणि आक्कांनी माझ्यादेखत घोसाळ्याची भजी खाल्ली. वर तेल जास्त झालं म्हणून नावं ठेवली. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला.

चिडले तर होतेच, पण खरं सांगायचं तर चिडण्यापेक्षा मला कोडंच जास्त पडलं. कारण या बायका तिच्या चटईवर बसत होत्या. तिच्या थट्टेला टाळी देत होत्या. जाताना तिच्या परसातली मेथी ओच्यात भरून नेत होत्या, आणि भोपळा तर सगळ्यात मोठा आक्काच उचलायच्या. कच्चा भोपळा चालत होता. मग त्याला उपास लागत होता तो नेमका कुठं? चिरताना? फोडणीत पडताना? की झाकण काढल्यावर? आमच्या घरातही एकेकाळी हे असंच चालत असणार, कुणी मोठ्यानं बोलत नसणार इतकंच. आणि जिच्या हातचं खायचंच नाही, तिला या मास्तरीण कशी करणार? वर्ष तर संपत आलं होतं.

"मी बोलते त्यांच्याशी," मी तिला म्हणाले.

ती दोडक्याचा वेल काठीला बांधत होती. "नगा बोलू, मॅडम. तुमच्या भ्यानं एक डाव खात्याल. तुमी गेला की पुन्ना उपास." गाठ मारून झाल्यावर तिनं विचारलं, "त्यापेक्षा मला एक सांगा. उपासाला चालतं तरी काय काय?"

तिच्या घरात आजे-सासऱ्यांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हाच देवांचे उपासतापास सुटले होते. माहेरीही तेच. तिला खरंच माहीत नव्हतं. मी सांगत गेले: भगर, शेंगदाणे, रताळं, लाल भोपळा, दही, जिरं, हिरवी मिरची.

"मीठ?"

"चालतं."

"हळद?"

"हळद नाही. मोहरीही नाही."

"का?"

मी तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, चालत नाही म्हणजे चालत नाही, आणि फोन ठेवून दिला.

"अन् पोट फुटंस्तोवर भगर खाल्ली तर?"

"ते चालतं."

ती वेल सोडून मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मग उपास हळदीचा हाय, मॅडम. पोटाचा न्हाय."

दारात तिच्या सासूबाई ऐकत उभ्या होत्या. त्यांना हे मुळीच आवडलं नाही. "आपल्या मान्सांनी सोडलं ते पुन्ना घरात कशापायी आनतीस?" त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं होतं. ती उठून उभी राहिली. "आत्या, म्या कुठं उपास धरतीया? उपास त्यांचा. स्वयंपाक माझा." सासूबाई आत निघून गेल्या.

शेवटचा वर्ग तिच्याच अंगणात ठेवला, बुधवारी. त्याच दिवशी निवड होती. बायका आल्या, चटईवर टेकल्या, आणि मी काही म्हणायच्या आत आक्कांनी सुरुवात केली, "आज बुधवार..."

"व्हय आक्का, ठावं हाय," ती म्हणाली आणि तिनं एकेक झाकण काढलं. वाफाळलेली भगर. दाण्याची पांढरी आमटी. भोपळ्याचं दह्यातलं भरीत. "हळद न्हाय, मोहरी न्हाय. समदं उपासाचंच हाय. बसा."

अंगणात कुणी हलेना. मला धास्ती वाटत होती. तरीही माझी खोड सुटली नव्हती, मी एकेकीचा चेहरा बघत होते. एक तरुण बाई चाचरत म्हणाली, "माझी आज निर्जळी हाय."

"गप बस," आक्का तिच्यावर खेकसल्या. "मघाशी माझ्या घरी कपभर चहा प्यालीस की."

दोघी जणी उठल्या आणि गाईचं निमित्त सांगून निघून गेल्या. त्या परत आल्या नाहीत. बाकीच्या सगळ्या आक्कांकडं बघत होत्या. आक्का भगरीकडं बघत होत्या. टाकीजवळची हातात पळी घेऊन उभी होती आणि तिनं नजर खाली घातली नाही.

"मला आज उपास न्हाय," आक्का म्हणाल्या.

आता त्या तोंडावर नकार देणार, असं मला वाटलं. निदान खरं कारण तरी बाहेर येईल, असंही मनात आलं.

"मग?" तिनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"मग काय? उपास न्हाय तर भगर कशाला खाऊ? घशात अडकती मेली. भाकरी कर दोन."

 ती पळी माझ्या हातात कोंबून आत पळाली. मी मागोमाग गेले. तिनं पिठाचा डबा उघडला होता आणि आत बघत होती. एवढी भगर रांधली, पण भाकरी लागेल हे काही तिच्या ध्यानीमनी नव्हतं. "मॅडम, पीठ थोडंच हाय. अजून कुनी मागंल का?"

मी बाहेर येऊन विचारलं, भाकरी आणखी कुणाला पाहिजे?  आक्कांची सून सासूकडं न बघता म्हणाली, "मला अर्धी." तिच्या शेजारची म्हणाली, "मलाबी. जरा कडक भाजा म्हणावं." आतून परातीत भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला होता, आणि पीठ पुरणार नाही हे मी आक्कांना सांगून टाकलं.

आक्कांनी सुनेला दंडाला धरून उठवलं. "घरला पळ. डब्यातलं ज्वारीचं पीठ समदं घिऊन ये. अन् बिगीबिगी ये, न्हायतर ही मास्तरीण चूल विझवून बसंल."