अक्काला न दिलेलं कोयनेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक होतं, ते वेगळं. बाटल्या तिच्याच ज्वारीच्या कणगीत होत्या. पण ठाऊक असणं आणि तोंडानं कबूल करणं... तुम्हीच सांगा, एकच का?

धुळ्यात माझं औषधाचं दुकान होतं. लढाईत जावा बेट जपान्यांच्या हाती गेलं आणि तिथून कोयनेल यायचं थांबलं. हिवतापावर दुसरं होतं काय तेव्हा? सरकारनं भाव बांधून दिला, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नका म्हणून हुकूम काढला, असेल तेवढा माल जाहीर करा म्हणून बजावलं. हेतू चांगला होता. झालं उलटंच: माल फळ्यांवरून नाहीसा झाला. बांधलेल्या भावानं कोण विकणार? मी निम्माही जाहीर केला नाही. उरलेला मागच्या दारानं कापसाच्या जिनवाल्यांकडे, पेढीवाल्यांकडे जायचा, मी म्हणेन त्या भावानं.

तुम्ही म्हणाल, तेव्हा बरेच जण तेच करत होते. होय. म्हणूनच मी इथं थांबत नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी दिलेली. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. पावसाळा सरताना ती मोटारीनं आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. दाजींना दिवसाआड ताप येत होता, अंगात काही उरलं नव्हतं, शिरपूरच्या दवाखान्यातलं कोयनेल संपलेलं. डॉक्टरची चिठ्ठी आणली होती तिनं. फुकट मागत नव्हती — कायद्यानं, बांधलेल्या भावानं, पदरच्या पैशांनी मागत होती.

"भाऊ, थोडंसं दे," ती म्हणाली. "त्यास्ले हिव भरस, ते खाट हालस."

दुकानात गिऱ्हाईक होतं. माल तपासणारा सरकारी कारकूनही बाकावर पान लावत बसला होता. मी म्हणू शकलो असतो, चल घरी, जेवून जा. घरी तर बाटल्या होत्याच. भीती वाटली म्हणू का? नाही, भीती नव्हती. मला एकदम दिसलं, की ही संधी आहे. मी हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अक्का, आईची शपथ, एक गोळी असती तरी तुला दिली असती."

तिनं पदरानं माझे डोळे पुसले. वर मलाच समजावलं, जिवाला लावून घेऊ नको म्हणून. मी तिला कोयनेलऐवजी काडेचिराईताची पुडी बांधून दिली. तिचे पैसे घेतले.

त्या कारकुनानं पुढं माझं दुकान कधी तपासलं नाही. ज्यानं सख्ख्या बहिणीला परत पाठवलं, त्याच्याकडे माल कुठला? गावभर हेच बोलणं झालं. माझा सचोटीचा लौकिक झाला — आणि मागच्या दारी मी भाव चढवला.

दाजी दिवाळीच्या आत गेले. मूलबाळ नव्हतं. अक्काला मी घरी आणलं. आणण्याआधी बाटल्या दुसरीकडे हलवल्या. लढाई संपत आली तसं सरकारी दवाखान्यांत हिवतापावरच्या नव्या पिवळ्या गोळ्या मिळू लागल्या, कोयनेलचा भाव उतरला. भाव अजून चढेल म्हणून धरून ठेवलेलं थोडं माझ्याकडे पडून राहिलं. ते मी मोरीत ओतलं.

एकदा शेजारच्या बाईनं ओट्यावर अक्काला हळूच सांगितलं, की तुझा भाऊ तेव्हा चोरून विकत होता, असं जिनवाल्याच्या घरात ऐकलं. मी आत जेवायला बसलो होतो. सगळं ऐकू येत होतं.

अक्का रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "मना भाऊकडे ऱ्हातं, ते त्यानी मले दिधंच ऱ्हातं."

माझा घास अडला का? नाही. मी आतून भाकरी मागितली. ती उठून आली आणि तिनं मला वाढली.