तत्त्वज्ञान विभागाचा दोन पानी इतिहास

"दोन पानांत बसवा," प्राचार्य म्हणाले. काय बसवायचं, तर विभागाचा इतिहास. स्थापना कधी झाली, विभागप्रमुख कोण कोण होऊन गेले, मंजूर जागा किती, आठवड्याचे तास किती, विद्यार्थी किती. मराठीचं वेगळं, इतिहासाचं वेगळं, राज्यशास्त्राचं वेगळं, तत्त्वज्ञानाचं वेगळं. आमच्या संस्थेला कला शाखेचे सगळे सुटे विभाग मोडून एकच मोठा विभाग करायचा होता, आणि लग्नाआधी पत्रिका मागवतात तशा या पत्रिका मागवल्या होत्या.

असलं काम येणार कुणाच्या गळ्यात? माझ्याच. कला शाखेच्या ऑफिसात माझी सत्तावीस वर्षं झाली होती. प्राचार्य आले नि गेले, मी आपली त्याच टेबलाशी. वेळापत्रक माझ्याकडे, हजेरीपट माझ्याकडे, रजेचे अर्ज माझ्याकडे. प्राध्यापक लोक मला वचकून असायचे, कारण माझं तोंड फटकळ. आमच्या चऱ्होलीच्या बायकांत मी तशी गरीबच, पण कॉलेजात ते कुणाला सांगणार?

मराठी आणि इतिहासाची पानं मी दोन दिवसांत खरडली. तत्त्वज्ञानाला हात लागेना. चार दिवस तो कागद तसाच कोरा पडून होता.

तत्त्वज्ञान विभाग म्हणजे एक खोली, एक लोखंडी कपाट आणि बाई. सगळं कॉलेज त्यांना मॅडम म्हणायचं. मी मात्र पहिल्या दिवशी गडबडीत, आमच्या गावच्या शाळेतल्यासारखं, बाई म्हणून गेले आणि मग तेच राहिलं. त्या मला अगं-तुगं करायच्या. विभागात दुसरं शिक्षक माणूस नाही. बाईंच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट होती: आपल्या जागेवर कुणीतरी यावं, विषय चालू राहावा. स्वतःसाठी त्यांनी कधी खुर्चीसुद्धा बदलून मागितली नाही, पण याबद्दल मला आठवड्यातून दोनदा विचारायच्या, "काय गं, काही कळलं का?"

नियम साधा होता. विभागाचे आठवड्याचे तास एका पूर्ण शिक्षकापुरते भरत असतील तर जागा राहणार. नसतील भरत, तर बाईंबरोबर जागा जाणार आणि जागेबरोबर विषय.

कागदावर बाईंचे तास निम्मेच होते. खरे तास त्याच्या दुप्पट होते. आणि कागद मी लिहिलेले होते.

आता हे कसं झालं ते सांगते. आमच्याकडे कला शाखेला येणारी निम्मी पोरं कंपनीत कामाला. कुणी भोसरीत, कुणी चाकणला. मराठवाड्यातून यायचं, चौघांत खोली घ्यायची, कंपनीत लागायचं आणि पदवी हवी म्हणून कला शाखेला नाव घालायचं. पण शिफ्ट दर आठवड्याला बदलते. दुसरी शिफ्ट असली की पोरगं सकाळच्या तासाला येतं, आणि पहिली असली की सकाळी सातला ते मशीनवर उभं असतं. म्हणजे एक आठवडा हजर, एक आठवडा गायब. बाकीच्या विभागांनी हे वर्षानुवर्षं बघितलं आणि 'मुलांना शिकण्याची आवड नाही' असं म्हणून चहा प्यायला गेले.

बाईंनी वेगळंच केलं. सकाळी जो धडा शिकवायचा, तोच संध्याकाळी पाचला पुन्हा शिकवायचा. रोज. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस पोरांना पुणे-नाशिक रस्त्यावर सोडायची, तिथून ती चालत यायची, अंगावर युनिफॉर्म तसाच. बाई पहिलं वाक्य म्हणायच्या, "बूट काढा, पाय मोकळे करा." ते पुढं लोखंड घातलेले जड बूट सगळे व्हरांड्यात ओळीनं. मग म्हणायच्या, "झोप आली तर झोपा, पण खोलीवर जाऊ नका." आणि खरंच झोपायची हो पोरं! बाकावर डोकं टेकून, तोंड उघडं टाकून. बाई आवाज थोडा खाली आणायच्या, पण शिकवणं थांबवायच्या नाहीत. जो जागा असेल त्यानं झोपलेल्याला दुसऱ्या दिवशी सांगायचं, असा त्यांचा रिवाज होता. लातूरकडचा एक पोरगा होता, तो म्हणायचा, "मॅडम, मला निम्मं कळत नाही, पन तुमी बोलत ऱ्हावा, बरं वाटतंय." बाई त्यावर दिवसभर खूश.

मी नवीन होते तेव्हाच्या प्राचार्यांना हे कळलं. माणूस भला, पण भित्रा. त्यांनी बाईंना आणि मला बोलावलं. म्हणाले, "शिकवा, पण कागदावर आणू नका. आपल्याला मान्यता सकाळच्या सत्राची. कागदावर दुसरं सत्र आलं की परवानगी मागावी लागेल, ती मिळणार नाही, मग मला हे बंद करावं लागेल." बाई पटकन 'बरं' म्हणाल्या. त्यांना शिकवण्याशी मतलब.

मग दर जूनमध्ये वेळापत्रक करताना मी संध्याकाळचे तास गाळायचे. आणि संध्याकाळी येणाऱ्या पोरांची हजेरी सकाळच्या पटात भरायचे, नाहीतर त्यांना परीक्षेला बसू दिलं नसतं. ते प्राचार्य गेले, दुसरे आले, तिसरे आले. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाईंची जागा जुनी मंजूर, त्यामुळे त्यांच्या तासांकडे कुणी बघितलंच नाही. मला वाटायचं आपण फार हुशार. आपण या पोरांना आणि बाईंना सांभाळतोय. पण दरसाल मी बाईंचं निम्मं काम माझ्याच हातानं पुसत होते, आणि आता विभागाचा जीव त्याच निम्म्यावर अडला होता.

पाचव्या दिवशी मी लिहायला बसले आणि खरं लिहिलं. दोन सत्रं चालत, एकेक धडा दोनदा शिकवला जाई, प्रत्यक्ष तास अमुक. संध्याकाळच्या विद्यार्थ्यांची हजेरी सकाळच्या पटात कार्यालयानं नोंदवली, असंही लिहिलं. कार्यालय म्हणजे कोण, ते सांगायची गरज नव्हती.

घरी मालकांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. "व्हय, लिही की," म्हणाले. "आन् उद्या चौकशी लागली म्हंजे? खोटी हजेरी म्हंत्यात त्याला. तुजी पेन्शन आडकली तर खायाचं काय आपुन?" त्यांची कंपनी बंद पडून तीन वर्षं झाली होती, कंबर धरलेली, पोरीचं शिक्षण अर्धवट. त्यांचं काय चुकत होतं? मी म्हटलं, "बघू." त्यांनी ताट बाजूला सारलं आणि ते उठले.

दुसऱ्या दिवशी पानं बाईंपुढं ठेवली, कारण विभागप्रमुखाची सही लागणार होती. बाईंनी सावकाश वाचलं. मला वाटलं, आनंदतील. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे असं लिहायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? खरं आहे ते."

"खरं आहे गं. पण हे वाचून पहिला प्रश्न तुला विचारतील."

"विचारू देत. मी काय कुणाच्या बापाला भिते?"

"तुझ्या निवृत्तीला अजून एक वर्ष आहे ना?" बाई म्हणाल्या. त्यांनी पानांची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. "राहू दे माझ्याकडे. मी बघते."

तेव्हाच त्या घडीवर झडप घालायला हवी होती. पण खरं सांगू का, मला सुटल्यासारखं वाटलं. माझं काम मी केलं होतं, आता पुढचं बाई बघणार होत्या.

समितीची बैठक प्राचार्यांच्या खोलीत झाली. संस्थेचे एक संचालक, बाहेरून आलेले एक वयस्क प्राध्यापक, आमचे नवे प्राचार्य. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहून घेत होते. बाईंनी दोन पानं पुढं केली. मी मान उंच करून बघितलं तर ती माझी नव्हती. बाईंनी स्वतःच्या हातानं नवी लिहून आणली होती, अक्षर सुरेख, आणि त्यात तास तेवढेच, कागदावरचे. निम्मे.

बाहेरून आलेले प्राध्यापक सज्जन होते. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "मॅडम, तास कमी पडतायत. पण माझ्या कानावर आलंय की तुम्ही कामगार मुलांसाठी संध्याकाळी वेगळा वर्ग घेता. ते खरं असेल तर सांगा. मी तसं लिहीन, तुमची जागा वाचेल."

देवाघरचं दार उघडावं तसं झालं. सांगा हो बाई, म्हटलं मनात, सांगून टाका एकदाचं!

संचालक म्हणाले, "पण मग त्या मुलांची हजेरी कुठं आहे?"

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या म्हणाल्या, "नाही. असा वर्ग आम्ही घेत नाही."

मी खुर्चीतून अर्धी उठले. प्राचार्यांनी वळून बघितलं. तेवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही लिहून घ्या. विभागात संध्याकाळचे वर्ग घेतले जात नाहीत."

सत्तावीस वर्षांत त्या मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाल्या. आणि मी बसले. ज्या तोंडाला सगळं कॉलेज घाबरायचं, ते तोंड त्या दिवशी उघडलं नाही. मालकांची कंबर डोळ्यांपुढं आली, पोरीची फी आली, आणि मी मुकाट्यानं लिहून घेतलं. याची लाज मला आजही वाटते. कुणी कितीही समजूत घातली तरी वाटते.

बैठक चारला संपली. मी इतिवृत्त टाइप केलं, सहीसाठी बाईंच्या खोलीत घेऊन गेले, दार लावलं आणि मग मात्र फुटले. "कशाला केलंत असं? जन्मभर राबलात आणि आज चार माणसांत म्हणालात, काही केलंच नाही! विषय गेला बाई, तुमच्या पाठीमागं आता कोण येणार इथं? मी मागितलं होतं का तुमच्याकडं हे?"

बाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी कागद ओढला, एक अनुस्वार राहिला होता तो पेनानं दिला आणि खाली सही केली. नेहमीसारखी, पूर्ण नाव लिहून.

"इतकी वर्षं तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस," त्या म्हणाल्या. "आज एकदा मी बोलले. त्याचं एवढं काय गं?"

मी पदर तोंडाशी धरून तिथंच कपाटाला टेकून उभी राहिले आणि हमसून रडले. बाईंनी मला रडू दिलं. त्यांचे स्वतःचे डोळेही भरले होते, पण त्या रडणाऱ्यातल्या नव्हेत. थोड्या वेळानं त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि उठल्या.

"चल," म्हणाल्या, "पाच वाजले. पोरं येऊन बसली असतील."

आणि खरंच बसली होती. नऊ जण होते. बाईंनी फळा पुसला, सकाळी कुठवर आलो होतो ते सांगितलं आणि शिकवायला सुरुवात केली.