यंत्राला कोण नमस्कार करतं?

मंडळी, आज मतदानाच्या रांगेत आपल्या विज्ञानकथा गटाची बैठकच झाली. हजर दोघीच, मी आणि मेघना. गंगापूर रोडवरची शाळा, बायकांची रांग, पाऊण तास.

मेघनाची कथा उद्या दिवाळी अंकाकडे जायची आहे. मंगळावरची वस्ती. तिथली माणसं रोज सकाळी ऑक्सिजनच्या यंत्राला हात जोडून मगच ते चालू करतात.

मी म्हटलं, "तेवढा परिच्छेद काढ. मंगळावर पोचलेली माणसं यंत्राला कशाला नमस्कार करतील?"

"श्रद्धा आहे त्यांची."

"विज्ञानकथेत नको."

पुढे झेंडूची शेती असलेल्या एक मावशी उभ्या होत्या. त्या मागे वळून म्हणाल्या, "आमचे मालक विहिरीची मोटार चालू करताना रोज हात जोडतात. तरी लय वेळा जळती ती."

रांग हसली. माझं मत काही बदललं नाही.

माझा नंबर आला. बटण दाबलं. काचेमागे चिठ्ठी दिसली, खाली पडली, लांब बीप वाजली. आणि माझा उजवा हात आपोआप आधी यंत्राला लागला, मग छातीला. देवळातून निघताना लागतो तसा. मी कित्येक वर्षांत देवळात गेलेली नाही.

वळले, तर मागे शाई लावून घेणारी मेघना बघत होती.

बाहेर तिने एवढंच विचारलं, "मग, परिच्छेद ठेवू?"

"ठेव," म्हटलं.

शाईच्या बोटाचे फोटो तुम्ही सगळ्यांनी टाकलेत. बटण दाबल्यावर तुमच्या दुसऱ्या हाताने काय केलं, तेही खरं खरं लिहा.